प्राण्यांच्या संतकथांचं बालपुस्तक स्वतः काढताय? कोणते कागद लागतात आणि कोणत्या क्रमाने

ज्ञानेश्वरांनी वेद म्हणायला लावलेला आळ्याचा रेडा, नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा, एकनाथांनी कावडीतलं गंगाजल पाजलेलं तहानलेलं गाढव. अशा गोष्टींवर मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, परवानगी कुणाची घ्यायची? सरकारची म्हणाल तर कुणाचीच नाही. पुस्तक प्रकाशित करायला आपल्याकडे परवाना लागत नाही. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तकांच्या जुन्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून ज्या नव्या कायद्याने घेतली, तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. लेखक स्वतःच स्वतःचा प्रकाशक होऊ शकतो. त्यासाठी कंपनी लागत नाही, दुकानाचं लायसन्सही लागत नाही.

तरी कागद लागतातच. बहुतेक जण सुरुवात आयएसबीएनपासून, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकापासून करतात, कारण तो नंबर मलपृष्ठावर दिसतो आणि पुस्तक ‘खरं’ वाटायला लागतं. माझ्या मते तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा कागद. अशा पुस्तकात अडचण येते ती दोनच ठिकाणी: शब्द कुणाचे आणि चित्रं कुणाची. म्हणून आधी ते.

शब्द कुणाचे

कॉपीराइट लेखकाच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं लेखन त्या हिशेबाने १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं झालं. संतांचे अभंग आणि महिपतींचा १७६२ चा ‘भक्तविजय’ यांचा तर प्रश्नच नाही. मात्र अभंग खुला असला तरी आजच्या एखाद्या अभ्यासकाने लिहिलेला त्याचा अर्थ, टीपा किंवा प्रस्तावना खुली नसते. मूळ ओव्या वाचा आणि गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहा. गोष्टीच्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती सांगण्याच्या शब्दांवर असते.

हाच नियम इतर धर्मकथांनाही लागतो. बायबलमधलं नोहाचं तारू किंवा बलामाची गाढवी घेणार असाल आणि मराठी पवित्र शास्त्रातली वचनं जशीच्या तशी छापायची असतील, तर ज्या आवृत्तीतून ती घेताय तिच्या कॉपीराइटच्या पानावर ज्या संस्थेचं नाव आहे, तिची लेखी परवानगी घ्या. जातककथांचं मूळ पाली खुलं आहे, पण आधुनिक मराठी अनुवाद खुला असेलच असं नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ मुद्दाम, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणाऱ्याला लागू होतं. मुलांच्या प्रेमळ गोष्टीला त्याची भीती नको. तरी छापण्याआधी त्या संप्रदायातल्या एखाद्या जाणत्या कीर्तनकाराला कच्चा खर्डा वाचायला द्यावा. तिलक, वीणा, पताका यांच्या चित्रातल्या चुका त्यांनाच दिसतात.

चित्रं कुणाची

इथे पुण्यातले पुष्कळ हौशी लेखक ओळखीवर भागवतात. ‘आपलीच मुलगी आहे, अभिनव कला महाविद्यालयात शिकते, पैसे फोनवर पाठवले.’ उद्या त्याच रेड्याच्या चित्राचं स्टिकर काढायचं ठरलं किंवा पुस्तक हिंदीत न्यायचं झालं, की मग बोलाचाली सुरू होते.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ सांगतं की हक्क दिल्याचा कागद लेखी हवा आणि देणाऱ्याची सही हवी. त्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिला असं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, कागदात वेगळं काही नसेल, तो संपतो. शेवटची अट चित्रपुस्तकाला हमखास नडते, कारण अशी पुस्तकं रखडतात. तेव्हा करारात एवढं तरी हवं: कोणती चित्रं (संख्या आणि वर्णन), किती मानधन, कोणते हक्क (छापील, ई-पुस्तक, अनुवाद, इतर वस्तू), किती वर्षं, कुठे, आणि वर्षभरात छापलं नाही तरी हक्क कायम राहील असं एक वाक्य. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव येणार का, तेही लिहा. पैसे देऊन हक्क घेतले तरी कृतीचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा चित्रकाराचा अधिकार कलम ५७ प्रमाणे उरतोच. स्टॅम्पपेपर घेणार असाल तर शंभराचा मागू नका, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान पाचशेचा लागतो.

संतांची कॅलेंडरवरची चित्रं किंवा मालिकेतल्या पात्रांचे चेहरे ‘बघून काढलेले’ चालत नाहीत. आणि एक सूचना, जिचा अर्जाशी संबंध नाही: प्राणिमैत्रीच्या पुस्तकात पोपट पिंजऱ्यात दाखवू नका, प्रकाशनाच्या कार्यक्रमाला खरा पोपट तर आणूच नका. आपल्याकडचे पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते पाळणं हा गुन्हा आहे.

आयएसबीएन

हा नंबर दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते. ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे. शुल्क नाही. ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणून पैसे घेणारे भेटतील, ते तुमच्याऐवजी फॉर्म भरण्याचे पैसे असतात. अर्ज आयएसबीएन डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर होतो. स्वतः लेखक असाल तर लेखक म्हणून नोंदणी करा, प्रकाशनसंस्थेचं नाव उगाच जोडू नका. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पुस्तकाच्या शीर्षकपानाचा किंवा मुखपृष्ठाचा नमुना स्कॅन करून हाताशी ठेवा. शीर्षक अर्जात आणि मुखपृष्ठावर सारखंच असू द्या, लेखकाचं नाव ओळखपत्रावरही तेच हवं.

तेरा आकडी नंबर एका पुस्तकाच्या एका रूपाला मिळतो. पुठ्ठ्याची बांधणी, कागदी बांधणी, ई-पुस्तक आणि हिंदी अनुवाद असे चार प्रकार असतील तर नंबरही चार. तसंच्या तसं पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो. या नंबराने मालकी सिद्ध होत नाही.

कॉपीराइटची नोंदणी

नोंदणी सक्तीची नाही. लिहून झालं त्या क्षणी हक्क तुमचा. पण वाद झाला तर नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून उभा राहतो, आणि पाचशे रुपयांत तो मिळतो म्हणून मी तरी घ्यावा असं सांगेन. कॉपीराइट कार्यालयाच्या पोर्टलवर फॉर्म १४ भरायचा, सोबत त्याची दोन विवरणपत्रं. साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये. चित्रांची कलाकृती म्हणून वेगळी नोंदणी हवी असेल तर वेगळा अर्ज आणि पुन्हा ५०० रुपये. सोबत कृतीच्या प्रती, ओळखपत्र, चित्रकाराचं ना हरकत पत्र, प्रकाशक दुसरा असेल तर त्याचंही. वकिलामार्फत गेलात तर वकीलपत्र. अप्रकाशित हस्तलिखिताचीही नोंदणी होते.

अर्ज गेला की डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. त्यानंतर तपासणी, त्रुटी निघाली तर पत्र. दाखला यायला महिने लागतात. छपाई त्यासाठी थांबवायची गरज नाही.

छापून आल्यावर

हे पाऊल जवळजवळ सगळे विसरतात. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने स्वखर्चाने प्रकाशनापासून ३० दिवसांत चार प्रती पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. कोलकात्याला जाणारी प्रत सगळ्या चित्रांसह, सर्वांत चांगल्या कागदावरची आणि नीट बांधलेली हवी असं कायद्यात स्पष्ट आहे, म्हणजे डाग पडलेली उरलीसुरली प्रत नव्हे. दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत, एवढाच. पण तुमचं पुस्तक शंभर वर्षांनी सापडण्याची खरी सोय हीच आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा आणि पावत्या जपा.

छापील पुस्तकांवर, मुलांच्या चित्रपुस्तकांवरही, जीएसटी शून्य आहे. फक्त अशीच पुस्तकं विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. छापखान्याच्या बिलावर कर लागेल, त्यामुळे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दर विचारताना करासह विचारा.

देवस्थानाच्या किंवा चर्चच्या ट्रस्टच्या पैशातून पुस्तक निघणार असेल, तर ट्रस्टच्या उद्दिष्टांत प्रकाशन बसतं का ते घटनेत पाहा आणि विश्वस्तांचा ठराव करून घ्या. हक्क लेखकाकडे की ट्रस्टकडे, हे ठरावातच लिहिलेलं बरं.

पैसे हवे असतील तर

हे तुमचं पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत बालवाङ्मयही बसतं. हे अनुदान हस्तलिखिताला मिळतं, त्यामुळे आधी छापून मग अर्ज करू नका. मंडळ वर्तमानपत्रांतून प्रवेशिका मागवतं, अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्या.

छापल्यानंतरचा मार्ग म्हणजे यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार. त्यात बालवाङ्मयाचे स्वतंत्र प्रकार आहेत. प्रवेशिका आधीच्या कॅलेंडर वर्षात निघालेल्या प्रथम आवृत्तीसाठी असते. म्हणून शीर्षकपानामागे आवृत्तीचा महिना आणि वर्ष बिनचूक छापा. पुणेकरांना प्रवेशिका मुंबईला न जाता जिल्हाधिकारी कार्यालयातही देता येते.