असई टेबलावर: शिंद्यांचे स्वार थांबले कुठे?

जळगावच्या आमच्या चौकडीने शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज अशी असईची लढाई टेबल टेनिसच्या टेबलावर, चिमुकल्या शिपायांच्या युद्धखेळात, दोनदा लढून पाहिली. दोन्ही वेळा इंग्रज हरले. तिसऱ्या खेपेआधी हे टिपण, कारण प्रत्यक्षात २३ सप्टेंबर १८०३ रोजी उलटंच घडलं होतं.

या युद्धखेळाचं मूळ प्रशियात. रायस्विट्झ नावाच्या तोफखान्यातल्या लेफ्टनंटने वडिलांचा खेळ सुधारून १८२४ मध्ये लष्करापुढे मांडला. नकाशा, फासे आणि निवाडा करणारा पंच. घरगुती छंदाची वाट पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली रुळवली, तीही खेळण्यातल्या तोफांनी शिपाई पाडून! आमचे शिपाई बोटाच्या पेराएवढे आहेत. हिरव्या चादरीवर निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या म्हणजे केळना आणि जुई या नद्या, आणि असईची तटबंदी केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची.

आता लढाई. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळनेच्या उत्तरेला दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वाटाड्यांनी नदी पायी ओलांडण्याजोगा उतार नाही म्हणून सांगितलं, पण इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली. एवढ्या जवळच्या गावांमध्ये येणंजाणं असणारच, असा त्याने कयास बांधला आणि पूर्वेकडून नदी ओलांडून तो दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला.

इथे शिंद्यांच्या कवायती पलटणींचं कौतुक करायलाच हवं. द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याने महादजींसाठी उभ्या केलेल्या कंपूंचा, म्हणजे कवायती फौजेच्या तुकड्यांचा, हा वारसा. पोहलमन या हॅनोव्हरकडच्या अधिकाऱ्याने सगळी रांग काटकोनात पूर्वेकडे वळवली, डावं टोक असईला टेकवलं. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. इंग्रजांची उजवी फळी वाट चुकून असईच्या तोफांसमोर गेली आणि ७४वी हायलँडर पलटण जवळपास संपली. तोफा हातच्या गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे तोफची नंतर उठले आणि त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर वळवल्या. इंग्रजांकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४.

आणि घोडदळ? हजारोंनी स्वार होते. ७४व्या पलटणीच्या उरल्यासुरल्या घोळक्यावर काही तुटून पडले, तेव्हा इंग्रजांकडच्या मॅक्सवेलच्या घोडदळाने त्यांना उधळलं. बाकीचे बव्हंशी बघतच राहिले. आमच्या टेबलावर मात्र शिंद्यांकडून खेळणारा गडी पहिल्याच डावात सगळे स्वार वेलस्लीच्या डाव्या बगलेवर सोडतो. 'असे उभे का ठेवू भो?' हा त्याचा प्रश्न रास्तच आहे.

उत्तर बंदुकीत सापडत नाही, हुकुमात सापडतं. छावणीत सरदार दोन, पलटणींचा सेनापती तिसरा, शिवाय इंग्रजांच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांचे कित्येक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेलेले. म्हणून नवा नियम: पलटणी पोहलमनच्या शब्दावर हलतील, पण स्वार हलवायचे तर आधी फाशावर सहा पडायला हवेत. गडी कुरकुरला, पण कबूल झाला.

पराभवानंतर उरलेली फौज अजिंठ्याचा घाट उतरून आपल्या खानदेशात आली. मागोमाग स्टीव्हन्सन या इंग्रज सेनानीने ऑक्टोबरात बऱ्हाणपूर घेतलं आणि २१ तारखेला असीरगड. म्हणून टेबलाचा वायव्य कोपरा यंदा घाट धरला आहे. तिथून निसटेल ती पलटण पुढच्या महिन्यात बऱ्हाणपूरच्या डावात वापरता येईल.