'इग्नोअर ऑल' की 'ॲड टू डिक्शनरी'?

वर्डमध्ये मराठी लिहिताना 'म्हापशात' किंवा 'पेडण्याहून' या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली, की राइट क्लिकवर हे दोन पर्याय दिसतात. रेघ दोन्हींनी जाते, म्हणून बरेचजण हाताला येईल तो दाबतात.

'इग्नोअर ऑल' त्या फायलीपुरतं. पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नवी फाइल उघडा, तोच शब्द पुन्हा लाल. चुकून दाबलं असेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग इथे जाऊन 'रीचेक डॉक्युमेंट' दाबा.

'ॲड टू डिक्शनरी' मात्र शब्द तुमच्या संगणकावरच्या यादीत घालतं आणि ती यादी तुमच्या सगळ्या फायलींना लागते. गोव्यातली गावं, वाडे, आडनावं इथेच जायला हवीत. फक्त या यादीला विभक्ती कळत नाही, शब्द जसाच्या तसा जुळावा लागतो. 'फोंडा' घातला म्हणून 'फोंड्यात' सुटत नाही. तेव्हा प्रूफिंगमधल्या 'कस्टम डिक्शनरीज'मध्ये 'एडिट वर्ड लिस्ट' उघडून फोंडा, फोंड्यात, फोंड्याला, फोंड्याहून, फोंड्याचा ही रूपं एकाच बैठकीत भरून टाका. तरीही रेघ येत असेल तर टंकन तपासा. 'ॲड.' (ॲडव्होकेट) मधला ॲ एका कळीने उमटलेला असतो किंवा अ वर चंद्र देऊन केलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे.

खरा धोका कोंकणीचा. मराठी अहवालात कोणाचं कोंकणी बोलणं जसंच्या तसं दिलं, त्यातला 'आमी' लाल झाला आणि तो डिक्शनरीत घातला, तर पुढे 'आम्ही' लिहिताना 'ह' गळला तरी वर्ड गप्प बसेल. कारण ही यादी मुळात सर्व भाषांसाठी असते. 'तुमी'चंही तेच. अशा वाक्याला दोन्ही पर्याय चुकीचे. वाक्य निवडा, रिव्ह्यू, लँग्वेज, 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघडा आणि 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर'वर खूण करा.

'आमी' आधीच यादीत गेला असेल तर 'एडिट वर्ड लिस्ट'मध्ये तो निवडून 'डिलीट' करा, मग जुने अहवाल पुन्हा उघडून पाहा. तेव्हा सुटलेल्या चुका आता लाल दिसतील.