कंडक्टर नुसती काठी हलवतो का?

"वाद्यवृंदापुढचा कंडक्टर नुसते हात हलवतो, वादकांपुढे नोटेशन असतंच, तो नसला तरी चालेल," हा समज जुना आहे. तसं वाटणं साहजिकही आहे, कारण त्याचं बरंचसं काम तालमीतच झालेलं असतं.

वादकापुढे बहुधा फक्त त्याच्याच वाद्याच्या ओळी असतात. सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेला स्कोअर कंडक्टरपुढे असतो. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १५ मीटर मागच्या ड्रमचा ठोका पुढे पोचायला साधारण ४४ मिलिसेकंद लागतात. नुसत्या कानावर विसंबलं तर मागचे वादक उशिरा ऐकू येतात. काठी मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. छोटे वृंद कंडक्टरविना वाजवतात हे खरं, पण मग खुणा आपसात ठरवाव्या लागतात.

पडताळायचं तर जर्मन संगीतकार बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेची, सुरुवात व्हिडिओवर पाहा. पहिली अर्धी मात्रा रिकामी आहे. काठी खाली येते तेव्हा शांतता असते, लगेच तीन झटपट स्वर आणि मग लांब चौथा. त्यांची लय ठरते ती काठी आधी ज्या वेगानं वर जाते त्यावरून. नवखे तरुण कंडक्टर इथेच अडखळतात: काठी संथ उचलली आणि जोरात खाली आणली की वादकांना दोन वेगळ्या लयी दिसतात, आणि ते तीन स्वर विस्कटतात.