शोर बेस्ड टेस्ट फॅसिलिटी, दाबोळी

शोर बेस्ड टेस्ट फॅसिलिटी, सगळे नुसतं एसबीटीएफ म्हणतात, म्हणजे गोव्यात दाबोळीच्या सड्यावर नेव्हीच्या आयएनएस हंसा तळात बांधलेली विमानवाहू जहाजाची डेक. जहाज नाही, पाणी नाही, फक्त डेक. उड्डाणासाठी टोकाला वर वळलेला रॅम्प आहे, त्याला स्की-जंप म्हणतात, आणि उतरणाऱ्या विमानाला धरायला आडव्या पोलादी वायर. असं काही जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ठिकाणी आहे.

वास्को, चिखली, बोगमाळो भागातल्या लोकांना हे सगळं दिसत नाही, ऐकू मात्र येतं. शाळेत बाई वाक्य अर्ध्यावर सोडतात, खडू फळ्यावर तसाच टेकलेला, विमान गेलं की उरलेलं वाक्य. वर्षानुवर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी ८.३० ते दुपारी १ दाबोळीला प्रवासी विमानं बंद असायची, कारण तो वेळ नेव्हीच्या ट्रेनिंगचा, आणि त्यावरून गोव्यात शिव्या देणारे भरपूर, मीही दिल्यात. पण त्या साडेचार तासांत चालतं काय ते समजायला जरा मागे जावं लागतं.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी १९५०च्या दशकात बांधला. १८ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्तीच्या ऑपरेशन विजयमध्ये आपल्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि नंतर तो नेव्हीकडे आला. हंसा मात्र गोव्यात जन्मलेली नाही, ती त्याच वर्षी ५ सप्टेंबरला कोइम्बतूरजवळ सुरू झाली आणि १९६४मध्ये इकडे हलली. तेव्हा जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर सी हॉक आणि अलिझे होती, ही विमानं कॅटापल्टने, म्हणजे विमानाला जोरात पुढे ढकलणाऱ्या यंत्राने, डेकवरून फेकली जायची आणि परत येताना शेपटीखालच्या हुकाने वायर पकडायची. मग डिसेंबर १९८३मध्ये सी हॅरियर आलं, ते हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरायचं, त्याला वायरची गरजच नाही, आणि अलिझेही डेकवरून गेली तशी वायरवर उतरायची सवयच नेव्हीतून गेली. वैमानिकांची एक अख्खी पिढी तशीच निघाली.

आणि मग जहाजावरून उडणारं लढाऊ विमान मिग-२९के घ्यायचं ठरलं. फेब्रुवारी २०१०मध्ये ही विमानं हंसावर दाखल झाली, त्यांचं विमानवाहू जहाज विक्रमादित्य नेव्हीत यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. या विमानाला स्की-जंपही लागतो आणि वायरही. काही वैमानिक अमेरिकन नेव्हीकडे शिकून आले, पण दरवेळी किती जणांना तिकडे पाठवणार, आणि नवशिक्याची पहिली चूक भर समुद्रात जहाजावर व्हावी असं कुणालाच वाटत नाही. सोव्हिएत लोकांनी यावर क्रिमियात साकी इथे जमिनीवर डेक बांधून उपाय काढला होता, तोच नमुना गोव्यात आला. नौदलाच्या तेजसच्या कार्यक्रमातून हे काम निघालं आणि बांधकामात इथल्याच गोवा शिपयार्डचा हात होता.

उड्डाण करताना चाकं अडवून धरतात, इंजिनं पूर्ण जोरात जातात, मग अडथळा सुटतो आणि विमान थोडं धावून १४ अंशांच्या चढावरून हवेत फेकलं जातं. उतरणं याच्या कैक पटीने अवघड. साध्या धावपट्टीवर वैमानिक शेवटी नाक उचलून अलगद टेकतो, इथे तसलं काही नाही, ठरलेल्या उतारानेच येऊन आपटायचं, आणि चाकं टेकली रे टेकली की ब्रेक नाही तर उलट फुल थ्रॉटल, कारण हुकाची वायर चुकली तर परत उडावं लागणार. वायर सापडली तर ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेगातलं विमान शंभर मीटरच्या आत, दोन-तीन सेकंदांत उभं. बाजूला उभा असलेला लँडिंग सिग्नल ऑफिसर रेडिओवर सांगत असतो, जमत नाहीये असं वाटलं तर तोच परत पाठवतो.

इथलं सगळ्यात गाजलेलं काम तेजसचं. २० डिसेंबर २०१४ला नौदलाचं तेजस पहिल्यांदा इथल्या स्की-जंपवरून उडालं, वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. वायर पकडून उतरायला मात्र १३ सप्टेंबर २०१९ उजाडला, पाच वर्षं उशीर म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी चार महिन्यांनी पुढचं बघितलं असेल, ११ जानेवारी २०२०ला मावळणकरच ते विक्रमादित्यवर उतरवून मोकळे झाले. पुढे २०२२मध्ये परदेशी पाहुणे आले, जानेवारीत राफेल-एम, मे-जूनमध्ये अमेरिकन सुपर हॉर्नेट. दोन्ही कॅटापल्टवर वाढलेली विमानं, ती आपल्या रॅम्पवरून उडतात का हेच बघायचं होतं. शेवटी निवड राफेलची झाली, एप्रिल २०२५मध्ये २६ विमानांचा करार झाला.

एक गोष्ट इथे शिकता येत नाही. सडा हलत नाही. जहाज लाटेवर वरखाली होतं, वाऱ्याकडे तोंड करून पुढे पळतं, आणि रात्री चहूबाजूला एक दिवा नसतो, म्हणून इथे कितीही वायर पकडल्या तरी खरी परीक्षा समुद्रातच द्यावी लागते.

एसबीटीएफ लष्करी हद्दीत, आत जाता येत नाही. हूक बघायचाच असेल तर बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८पासून, तिथे सी हॉक उभं आहे, शेपटीखाली वाकून बघा.