पॅरागॉन सिटीनंतर: आवडता खेळ बंद होतो तेव्हा

ऑनलाइन सुपरहिरो खेळ बंद होणार अशी बातमी आली, की जुन्या खेळाडूंच्या तोंडी पहिलं नाव 'सिटी ऑफ हीरोज'चंच येतं. पॅरागॉन सिटी हे त्याच खेळातलं शहर. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी घोषणा झाली, पैसे घेणं त्याच दिवशी थांबलं आणि ३० नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाले. मधले तीन महिने कोणी काय केलं, यावर पुढचं बरंच काही ठरलं. कुडाळ, रत्नागिरी, चिपळूणकडे ज्यांचा एखादा आवडता खेळ मिटत आला आहे त्यांनी ही हकीगत जरूर समजून घ्यावी. नवा खेळ का रुचत नाही, याचं उत्तर बरेचदा तिच्यात सापडतं.

हा खेळ अमेरिकेतल्या क्रिप्टिक स्टुडिओजने बनवला आणि कोरियाच्या एनसीसॉफ्टने एप्रिल २००४ मध्ये आणला. त्याचा जीव पोशाखाच्या दालनात होता. दशावतारी नट प्रयोगाआधी आपलं तोंड आपणच रंगवतो, तसा इथे खेळाडू पहिल्या लढाईआधी तास-तास आपलं सोंग सजवत बसे. ही मोकळीक इतकी होती, की खेळाडू आमच्या पात्रांच्या नकला बनवतात म्हणून मार्व्हलने नोव्हेंबर २००४ मध्ये खटला भरला. वर्षभराने तो तडजोडीत मिटला. ऑक्टोबर २००५ मध्ये खलनायकांची बाजू आली.

नोव्हेंबर २००७ मध्ये क्रिप्टिकने आपला हक्क एनसीसॉफ्टला विकला. क्रिप्टिक मार्व्हलसाठी करत असलेला खेळ फेब्रुवारी २००८ मध्ये रद्द झाला, आणि त्याच महिन्यात 'चॅम्पियन्स ऑनलाइन' जाहीर झाला. त्याचं मूळ १९८१ च्या, फासे टाकून टेबलावर खेळायच्या 'चॅम्पियन्स'मध्ये. १ सप्टेंबर २००९ ला तो सुरू झाला आणि जानेवारी २०११ पासून फुकट खेळता येऊ लागला. त्यामुळे २०१२ मध्ये घर गमावलेले खेळाडू साहजिकच तिकडे वळले. बनवणारे तेच, पोशाखाचं दालन तसंच. बऱ्याच जणांना वाटलं, की आपला जुना नायक इथे उचलून आणता येईल. तिथेच फसगत झाली.

कारण लढाईचं गणितच उलटं आहे. 'सिटी ऑफ हीरोज'मध्ये शक्तीची पट्टी भरलेली असते आणि प्रत्येक वाराने ती उतरते, म्हणून खेळाडू सगळ्यात मोठा वार आधी घालतो. 'चॅम्पियन्स'मध्ये हलक्या, आपोआप चालणाऱ्या वाराने पट्टी आधी भरावी लागते. जुन्या सवयीने मोठ्या वारापासून सुरुवात केली तर दुसऱ्याच क्षणी हात रिकामा. शिवाय कितीतरी वारांची कळ दाबून धरावी लागते. टिचकी मारून सोडली तर वार अर्धामुर्धाच बसतो, आणि नवखा म्हणतो, 'या खेळात दमच नाही.'

तिसरी गोष्ट म्हणजे ढाल. शत्रू मोठ्या वाराची तयारी करू लागला, की त्याच्या डोक्यावर कॉमिकसारखं खूणचित्र उमटतं. तेव्हा शिफ्टची कळ दाबून धरायची. जुन्या खेळात अशी कळच नव्हती, त्यामुळे पहिल्या मोठ्या खलनायकासमोर बहुतेक जण इथेच आडवे होतात. फुकट खाते असेल तर शक्तींचे ठरलेले साचेच मिळतात. आगीचा नायक हवा तर 'इन्फर्नो', साथीदारांना सावरणारा हवा तर 'माइंड'. जुन्या नायकाची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा साच्याला साजेसं नवं पात्र घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. नवी शक्ती 'पॉवरहाउस' या खेळातल्या सरावाच्या जागेतच वापरून पाहावी. तिथून बाहेर पडेपर्यंत निवड फुकटात बदलता येते.

दुसरे पर्यायही होते. 'डीसी युनिव्हर्स ऑनलाइन' जानेवारी २०११ मध्ये आला. त्यात माउसच्या टिचक्यांनी वार जोडत जायचे असतात, आणि तिसाव्या पातळीनंतर सगळी मदार पात्राने मिळवलेल्या शस्त्रं-चिलखतांवर. 'मार्व्हल हीरोज' २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरात बंदही पडला. त्यात आपला नायक घडवायची सोयच नव्हती.

सर्व्हर अमेरिकेत असेल तर कोकणातून खेळताना अंतर सोसावंच लागतं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत १३ हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद कितीही चांगलं नेट घेतलं तरी लागणारच. समुद्राखालची केबल वळसे घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात २०० च्या वर धरून चालावं. यावर उपाय एकच: खूणचित्र दिसताक्षणी ढाल धरायची, शेवटच्या क्षणाची वाट पाहायची नाही. तिकडचे खेळाडू कधी खेळायला येतात, ती वेळही पाहून घ्यावी. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. पावसाळ्यात लाइट जाणारच, तेव्हा राउटर छोट्या यूपीएसवर ठेवावा. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडला की लढाई सुटते.

आता त्या तीन महिन्यांकडे. जाणत्या खेळाडूंनी तेव्हा दोन कामं केली: पोशाखांच्या फाइली जपून ठेवल्या, आणि 'टायटन सेंटिनल' या साधनाने पात्राच्या शक्ती, पातळी व बिल्ले उतरवून घेतले. एप्रिल २०१९ मध्ये उघड झालं, की काही जण खेळाचा सर्व्हर गुपचूप चालवत होते. त्यातून चाहत्यांनीच चालवलेलं 'होमकमिंग' हे जुन्या खेळाचं नवं घर उभं राहिलं आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्याला रीतसर परवाना दिला. ज्यांच्याकडे फाइली होत्या, त्यांनी साडेसहा वर्षांनी तोच पोशाख पुन्हा चढवला.

'होमकमिंग'वर जायचं असेल तर 'रियुनियन' हा युरोपातला सर्व्हर आधी पाहावा. मध्य युरोपात उन्हाळ्यात रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा, जागता येण्याजोगी वेळ. खेळ २००४ चा असल्याने साध्या लॅपटॉपवरही चालतो. टास्क फोर्सच्या, म्हणजे गटाने मिळून करायच्या लांबलचक मोहिमेच्या, मध्येच लाइट गेली तरी गटातलं नाव जात नाही. परत आल्यावर पुढे खेळता येतं, फक्त गट सोडायचं बटण दाबायचं नाही.

आणि आज खेळत असलेल्या खेळाचा पोशाख आजच जतन करून ठेवावा. 'चॅम्पियन्स'मध्ये तो चित्राच्या फाइलीतच साठतो, ती फाइल पेनड्राइव्हवर टाकायला मिनिटही लागत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून मात्र पाठवू नये. तिथे चित्र दाबून लहान केलं जातं आणि आतली माहिती निघून जाते.