मृत्यूची नोंद शोधणे आणि मृत्यू दाखला काढणे: कुठे जायचे, काय न्यायचे

मृत्यूची नोंद माणसाच्या राहत्या पत्त्यावर होत नाही. मृत्यू जिथे झाला त्या जागेच्या हद्दीत ती होते. अर्ध्याहून अधिक शोधाशोध ही एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. वेल्ह्याच्या माणसाने पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये प्राण सोडला, अंत्यसंस्कार गावच्या ओढ्याकाठी झाले, रेशनकार्ड गावचे, आधार गावचे. तरी दाखला मिळणार पुणे महानगरपालिकेकडून. गावच्या ग्रामपंचायतीत ती नोंद असणारच नाही.

2020 आणि 2021 या कोविडच्या दोन वर्षांत असे फार झाले. जिथे बेड मिळेल तिथे पेशंट हलवला गेला, मुलगा स्वतः क्वारंटाइनमध्ये, कागदपत्रे दुसऱ्याच कुणीतरी भरली. अशा वेळी हॉस्पिटलच्या कागदावरचा पत्ता नीट बघा. शहराच्या कडेची अनेक हॉस्पिटले नावात शहर लावतात, पण जागा शेजारच्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिका कळून भागत नाही, कुठला वॉर्ड किंवा कुठले क्षेत्रीय कार्यालय तेही लागते. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतली नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. धावत्या गाडीत मृत्यू झाला असेल तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे. अपघातात माणूस जागीच गेला आणि शवविच्छेदन दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यात झाले असेल, तर दोन्ही ठिकाणी विचारा.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर

मुदत 21 दिवसांची आहे आणि तेवढ्यात कळवले तर नोंदणीला एक पैसाही लागत नाही. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची. घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची किंवा जवळच्या नातेवाइकाची. लॉज, धर्मशाळा, तुरुंग अशा ठिकाणी तिथल्या प्रमुखाची. खेड्यात निबंधकाचे, म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम ग्रामसेवक करतात (आता त्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे), शहरात पालिकेचा जन्म-मृत्यू विभाग.

घरच्या मृत्यूसाठी शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना 4अ घ्या. हॉस्पिटल नमुना 4 देते. हे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आहे. त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळाली पाहिजे अशी तरतूद 2023 च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे, तेव्हा ती मागून घ्या आणि जपून ठेवा. का, ते खाली येते.

दु:खाच्या घरात हे कसे सांगावे कळत नाही, पण सांगायलाच हवे: हॉस्पिटलचा फॉर्म भरताना समोर आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक धरा. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, पत्ता अक्षर न् अक्षर तपासा. 'आबा' किंवा 'अण्णा' असे घरातले नाव तोंडून निघून जाते, आणि लिहून घेणारा तेच लिहितो. शेजाऱ्याला किंवा दूरच्या भाच्याला फॉर्म भरायला पाठवू नका. नोंद पूर्ण झाल्यावर 7 दिवसांच्या आत माहिती देणाऱ्याला एक प्रमाणपत्र मोफत देणे निबंधकावर बंधनकारक आहे.

दाखला कुणाला मिळतो, काय लागते

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 17 प्रमाणे कोणीही नोंदवहीत शोध घ्यायला सांगू शकतो आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागू शकतो. तरी प्रत्यक्ष खिडकीवर नाते विचारले जाते, म्हणून अर्जदाराचे ओळखपत्र, मयत व्यक्तीचे आधार किंवा दुसरा ओळखीचा पुरावा आणि नाते दाखवणारे रेशनकार्ड जवळ ठेवा. अर्जात पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचे ठिकाण एवढे पक्के लिहा. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर काम पटकन होते. हॉस्पिटलची डेथ समरी आणि स्मशानभूमीची पावती यांच्या झेरॉक्स जोडल्या तर लिपिकाला वही उघडायला आधार मिळतो. शुल्क किरकोळ असते. त्याची पावती मात्र घ्याच.

आता ते कारणाचे. कलम 17 मध्येच असे म्हटले आहे की मृत्यूच्या कोणत्याही उताऱ्यात मृत्यूचे कारण दाखवायचे नाही. त्यामुळे नमुना 6 मधल्या दाखल्यावर कारण छापलेले नसते आणि कुणी वाद घातला तरी ते छापता येत नाही. विमा कंपनीला कारण हवे असेल तर तिथे नमुना 4 किंवा 4अ ची प्रत, डेथ समरी, अपघात असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि पंचनामा हे कागद चालतात. दाखल्यावर कारण घालून घ्या असे सांगून लोकांना परत पाठवले जाते, तेव्हा हे कलम दाखवा.

एकदम चार-पाच मूळ प्रती काढा. बँका, विमा, भविष्य निर्वाह निधी, सोसायटी, तलाठी कार्यालय यातला प्रत्येक जण मूळ प्रत बघायला मागतो, एखादा ती ठेवूनही घेतो. 'आपले सरकार' पोर्टलवर ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यासाठी अर्ज करता येतो. अलीकडच्या नोंदी केंद्राच्या सीआरएस, म्हणजे नागरी नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत असतात, त्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो आणि तो स्कॅन केला की खरेपणा तपासता येतो. सीआरएससारखीच दिसणारी खोटी संकेतस्थळेही आहेत. सरकारी पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो, तेवढे बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

अर्ज देऊनही टोलवाटोलवी झाली तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 आहे. सेवेचा कालावधी, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कुणाकडे करायचे हे कार्यालयाने फलकावर लावलेच पाहिजे. त्या फलकाचा फोटो काढा आणि अपील लेखी द्या.

आजोबा-पणजोबांची नोंद

मृत्यूची नोंदवही कायम जतन करण्याचा दस्तऐवज आहे, ती नष्ट करता येत नाही. पण ती जागा बदलते, आणि शोधणारा तिथेच अडकतो. ग्रामपंचायतीत जुनी वही नसेल तर पंचायत समितीत विचारा, मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधीच्या खेड्यातल्या नोंदी गाव नमुना नंबर 14 या जन्म-मृत्यूच्या वहीत सापडतात. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात ही वही सगळ्यांच्या तोंडी आली. त्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांनी जुने अभिलेख स्कॅन करून जिल्हा संकेतस्थळावर ठेवले आहेत. तालुका, गाव निवडून घरबसल्या पाने चाळता येतात, म्हणून तहसीलला जाण्याआधी तिथे बघा.

हद्दी बदलल्या की कागदही फिरतात. पुण्यालगतची 11 गावे 2017 मध्ये आणि 23 गावे 2021 मध्ये महापालिकेत आली. त्यातल्या बहुतेक गावांच्या ग्रामपंचायतीच्या काळातल्या मृत्यूसाठी आता महापालिकेतच विचारावे लागते. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, हिंगोली 1999 मध्ये परभणीतून, नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून. मृत्यूच्या वर्षी गाव कुठल्या तालुक्यात आणि कुठल्या जिल्ह्यात होते ते आधी ठरवा.

तारीख माहीत नसते तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथी विचारा. वर्षश्राद्धाची तिथी असेल तर महिना आणि तिथी दोन्ही हाती लागतात. पितृपक्षातल्या महालयावरून मात्र फक्त तिथी कळते, महिना नाही. त्यातही सावध राहायला हवे. सवाष्ण गेलेल्या बाईचे श्राद्ध अविधवा नवमीला घालतात, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्याचे चतुर्दशीला, आणि तिथीच ठाऊक नसलेल्यांचे सर्वपित्री अमावास्येला. म्हणजे आजीचे श्राद्ध नवमीला होते म्हणून ती नवमीला गेली असे धरू नका. शके लिहिलेले असेल तर त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो. माघ-फाल्गुन असेल तर 79, आणि पौष असेल तर दोन्ही वर्षे बघायची. मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या कागदांवर फसली साल असते, त्यात 590 मिळवा: फसली 1350 म्हणजे 1940-41. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यातला कोण कुणाच्या अस्थी घेऊन आला ते सापडते. तो कायदेशीर पुरावा म्हणून पुढे करू नका, पण वर्ष पक्के करायला फार उपयोगाचा आहे.

वही समोर आली की नाव वाचायलाही नजर बसावी लागते. जुन्या नोंदी अनेक ठिकाणी मोडी लिपीत आहेत, मराठवाड्यात उर्दूतही. आडनाव बहुधा नसतेच. 'रामा बिन गणू' म्हणजे गणूचा मुलगा रामा, 'वलद' म्हणजेही मुलगा, आणि 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची बायको सखू. नावाशेजारी जात, वय आणि कारण: ताप, पटकी, देवी. लहान मूल गेले असेल तर नावाच्या रकान्यात नावच नसते, नुसतेच अमक्याचा मुलगा किंवा मुलगी. म्हणून आडनाव घेऊन शोधू नका. मयताचे पाळण्यातले नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि जात ही तीन सूत्रे धरून पान पान बघा, आणि अंदाजे वर्षाच्या मागची-पुढची दोन-तीन वर्षेही बघा. मोडी वाचणारे माणूस बरोबर असले तर उत्तम. सापडलेल्या पानाची प्रमाणित नक्कल मागा, मोबाइलच्या फोटोवर कुठलेच कार्यालय काम करत नाही. गोव्यात मृत्यू झाला असेल तर तिथल्या तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयात विचारायचे. पोर्तुगीज राजवटीतल्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत.

नोंदच झालेली नसेल तर

आधी त्या हद्दीच्या निबंधकाकडून नमुना 10, म्हणजे नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्या. पुढे ते मागितले जाते. 21 दिवस उलटले पण 30 झाले नसतील तर विलंब शुल्क भरून काम होते. 30 दिवस ते एक वर्ष असेल तर जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते.

एक वर्ष उलटले की जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश हवा. 1 ऑक्टोबर 2023 पूर्वी हे काम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालत असे, त्यामुळे जुना अनुभव असलेले नातेवाईक तुम्हाला कोर्टात जायला सांगतील. राज्यात विलंबाच्या नोंदींत गैरप्रकार उघडकीस आल्यावर मार्च 2025 पासून पडताळणी कडक झाली आहे. म्हणून पुरावे भक्कम लावा: हॉस्पिटलचे कागद, स्मशानभूमी किंवा कब्रस्तानच्या रजिस्टरचा उतारा, पोलीस पाटलांचा दाखला, पंचनामा, मृत्यूनंतर झालेला वारस फेरफार. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. चौकशी होते, आणि खोटी माहिती दिली तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

नोंद आहे पण चुकीची आहे, हे प्रकरण सोपे. लेखनातली चूक निबंधक स्वतः दुरुस्त करतात. नाव किंवा तारीख अशी मोठी चूक असेल तर माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे जबाब आणि पुरावे द्यावे लागतात. मूळ मजकूर खोडत नाहीत, दुरुस्ती समासात लिहितात.

माणूस बेपत्ता असेल तर निबंधक काहीच करू शकत नाही. 7 वर्षे त्याची काहीही खबर नसेल तर दिवाणी न्यायालयाकडून मृत्यूबाबत घोषणा घ्यावी लागते.

शेतजमीन असेल तर दाखला हाती आल्यावर थांबू नका, वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. ती ई-हक्क या ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीवरूनही देता येते. मृत्यू दाखल्याने वारस ठरत नाहीत, तो कागद वेगळा.

परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी दोन गोष्टी. भारतीय नागरिकाचा मृत्यू परदेशात झाला तर त्याची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत करायची, गावी ती होत नाही. आणि इथला दाखला तिकडे वापरायचा असेल तर राज्य शासनाच्या पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणीकरण, घ्यावे लागते. त्यासाठी हस्तलिखित जुन्या दाखल्यापेक्षा नव्याने काढलेली, सही-शिक्का स्पष्ट असलेली प्रत न्या, आणि त्यावरचे नाव मुलांच्या पासपोर्टवरच्या आई-वडिलांच्या नावाशी जुळते का ते अर्ज करण्याआधी पाहून घ्या.