एकच टाका उसवलेला

श्रावणातला रविवार, बाहेर धो धो पाऊस, येऊरचा डोंगर ढगात पार बुडालेला. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या घरात आम्ही भरदुपारी हॉलचे पडदे ओढून घेतले आणि दाराखालच्या फटीला पंचा लावला. भाचीने काळा टी-शर्ट आणि काळी लेगिंग घातली होती. जांभळी नाक्यावरून आणलेल्या रेडियमच्या टिकल्या मी ट्यूबलाइटखाली चांगल्या तापवल्या आणि तिच्या अंगावर चिकटवल्या. खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे, अशा बरोबर बारा. चेहऱ्यावर एकही नाही. (नाव रेडियम असलं तरी या टिकल्यांत रेडियम नसतं. प्रकाश साठवून तो हळूहळू सोडणारं एक निरुपद्रवी रसायन असतं.)

दिवा मालवला. भाची स्थिर उभी होती तोवर अंधारात नुसते हिरवट ठिपके दिसत होते. त्यांत माणूस आहे हे सांगूनही पटलं नसतं. मग ती चालायला लागली. दोन पावलांत ठिपक्यांचा माणूस झाला. चौथ्या पावलाला डावा पाय टाकण्याआधी तो माणूस किंचित थबकला, उजवा खांदा खाली गेला, मग कंबर मागून आली. खुर्चीत बसलेली माझी आई म्हणाली, "अगं बाई, ही तर मीच!"

आईचा डावा गुडघा आठ वर्षांपासून दुखतोय. भाचीने कुणालाही न सांगता आजीची चाल उचलली होती आणि बारा ठिपक्यांतून आजीने स्वतःला ओळखलं होतं.

हा प्रयोग माझ्या डोक्यातून निघालेला नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ साली सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावलेल्या माणसांच्या चाली अंधारात चित्रित करून लोकांना दाखवल्या. एखादं थांबलेलं चित्र पाहून कुणालाच काही कळेना, पण हालचाल सुरू झाली की क्षणार्धात माणूस ओळखू येई. पुढे असंही दिसलं की जन्मून दोनच दिवस झालेली बाळंसुद्धा अशा सजीव चालीच्या ठिपक्यांकडे जास्त वेळ बघतात. जिवंत शरीर कसं हलतं याचा एक आराखडा आपण जवळजवळ जन्मतःच घेऊन येतो.

मला भयपट आणि काळोख्या परीकथांचे सिनेमे मनापासून आवडतात. त्यातही मी पाहते तो त्यांतला चाकोरीबाहेरचा अभिनय, जिथे नट चेहऱ्याने रडत-हसत नाही, अख्ख्या शरीराने काहीतरी वेगळंच बोलतो. असा अभिनय पाहताना अंगावर काटा का येतो, याचं उत्तर मला त्या बारा ठिपक्यांत सापडतं. हा अभिनय मेंदूच्या आराखड्यातला एकच टाका उसवतो आणि बाकीची शिवण जशीच्या तशी ठेवतो.

'रिंगू' या १९९८ च्या जपानी चित्रपटातली विहिरीतून वर येणारी भुताची सदाको आठवा. चेहरा केसांनी झाकलेला, म्हणजे चेहऱ्याचा अभिनय शून्य. ही भूमिका करणाऱ्या रिए इनो काबुकी नाट्यशैलीत तयार झालेल्या. त्या कॅमेऱ्यासमोर उलट्या चालल्या आणि ते चित्रण मागून पुढे फिरवून दाखवलं गेलं. पडद्यावर बाई आपल्याकडे चालत येते, पण तिच्या पावलांचं काहीतरी चुकलेलं असतं. काय चुकलं? साधं चालताना पाऊल जमिनीला लागतं ते धपकन आणि जमिनीवरून सुटतं ते हळूहळू, टाचेकडून अंगठ्याकडे. गुरुत्वाकर्षणाने घालून दिलेला हा क्रम आहे. चित्रण उलटं फिरवलं की क्रम बिघडतो. निकोलाउस त्रोये आणि कोर्ड वेस्टहॉफ यांनी २००६ मध्ये मांडलं की मेंदू सजीव ओळखताना विशेषतः पावलांच्या हालचालीकडे बघतो, जणू तिथे 'जिवंत काय आहे' हे हेरणारी एक यंत्रणाच बसवली आहे. सदाको त्या यंत्रणेलाच चकवते, असं मला वाटतं. आपण घाबरतो आणि का घाबरलो ते सांगता येत नाही, कारण पावलांचा हिशेब आपण कधी जाणीवपूर्वक मांडलेलाच नसतो.

आपल्या मातीतलं उदाहरण 'तुंबाड'चं. २०१८ च्या या चित्रपटातली साखळदंडाने बांधलेली म्हातारी ज्याने पाहिली तो विसरला नसेल. ती भूमिका मोहम्मद समद या बालकलाकाराने केली आहे, त्यानेच पुढे नायकाच्या मुलाचं, पांडुरंगाचंही काम केलं आहे. हे कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा लावला. कातडी शंभर वर्षांची, सुरकुतलेली, पण आतली हाडं लहान मुलाची. शरीराची लवचीकता, मानेचा झोक, अंगाचा आवाका, काहीच त्या कातडीच्या वयाशी जुळत नाही. रंगभूषा कितीही उत्तम असली तरी एखाद्या मोठ्या नटाने ते काम केलं असतं तर ही न जुळणारी गोष्ट हातातून निसटली असती.

रूप एक सांगतं आणि हालचाल दुसरंच, तेव्हा मेंदूत काय होतं हे आयशे पिनार सायगिन आणि सहकाऱ्यांनी मोजलं आहे. त्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून तीन चित्रफिती दाखवल्या. एक जिवंत स्त्री, एक हुबेहूब तिच्यासारखा दिसणारा मानवाकृती यंत्रमानव आणि त्याच यंत्रमानवाचं वरचं आवरण काढून टाकलेला लोखंडी सांगाडा. माणूस माणसासारखा हलला, सांगाडा यंत्रासारखा हलला, मेंदूची तक्रार नव्हती. पण माणसाचं रूप घेतलेलं यंत्र यंत्रासारखं हललं तेव्हा पाहण्याच्या आणि हालचाल समजून घेण्याच्या भागांना जोडणाऱ्या जाळ्यात प्रतिसाद उसळला. मेंदू सतत पुढचं भाकीत करत असतो आणि इथे भाकीत फसतं. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे ओळखलं होतं. आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडत जाते, पण अगदी माणसाजवळ आली की आवड एकदम दरीत कोसळते आणि आकृती हलती असेल तर दरी आणखी खोल होते, असं त्यांनी आलेख काढून दाखवलं.

काही नटांनी या दरीत उभं राहण्याचंच कसब कमावलं आहे. गिलेर्मो देल तोरो यांच्या २००६ च्या 'पॅन्स लॅबिरिन्थ'मध्ये डग जोन्स यांनी शिंगवाला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड) आणि डोळे तळहातांवर असलेला फिकट नरभक्षक अशी दोन कामं केली. ते मूकाभिनयातून आलेले. नरभक्षकाच्या मुखवट्यात त्यांना नाकपुड्यांच्या भोकांतून बाहेर बघावं लागत होतं. डोळ्यांचा अभिनय गेला, मग उरला तो हात उचलून तळवा चेहऱ्यासमोर धरण्याचा एक धिमा हावभाव. बाकी सगळं, जेवणाचं टेबल, खुर्ची, बसलेला म्हातारा, अगदी घरगुती. एकच टाका उसवलेला.

त्या दुपारी पाऊस थांबला नाही, म्हणून आईने गोष्ट सांगायला घेतली. श्रावणात आमच्याकडे चिलया बाळाची गोष्ट होतेच. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणीच्या दारी अतिथी येतो आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या मांसाचं जेवण मागतो. चांगुणा मुलाला मारून रांधते, पण मस्तक तेवढं बघण्यासाठी झाकून ठेवते. अतिथी तेही ओळखतो. मस्तक उखळात घालून कांड, कांडताना गाणं म्हण आणि डोळ्यांतून टिपूस पडता कामा नये, अशी त्याची अट.

इतकी काळोखी गोष्ट जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहातही मला क्वचितच आढळते. त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत 'हॅन्सेल आणि ग्रेटेल'च्या गोष्टीत पोरांना जंगलात सोडून यायला लावणारी सख्खी आईच होती. नंतरच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई करून टाकली. आपल्या गोष्टीने चांगुणेला सावत्र केलं नाही, म्हणून ती आजही तितकीच झोंबते.

विज्ञानाच्या नजरेने पाहिलं तर या गोष्टीत दोन कमालीच्या गोष्टी आहेत. पहिली, चांगुणेचा कोरडा चेहरा. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपचं ताट, कधी शवपेटी, कधी तरुण स्त्री जोडून दाखवली. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख, वासना दिसली, असं सांगतात. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम कधी मिळाला, कधी नाही. पण २००६ मधल्या एका मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात, चेहऱ्याआधी काय दाखवलं त्यानुसार लोकांनी त्या चेहऱ्यातली भावना वेगवेगळी जोखली. चांगुणेच्या चेहऱ्यावर काहीच नाही, म्हणून ऐकणारा स्वतःचं सगळं त्यावर ओततो. उत्तम नटीने हा प्रसंग करायचा तर ती रडणार नाही. आपल्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन मार्ग सांगितले आहेत, एक जगात वागतात तसं आणि दुसरा मुद्दाम घडवलेलं. केवळ नजरेचेच ३६ प्रकार तिथे आहेत. चाकोरीबाहेरचा म्हणून ज्या अभिनयाला आपण आज दाद देतो, त्याची मुळं मला या नाट्यधर्मी वाटेवर दिसतात.

दुसरी गोष्ट स्मरणाची. आरा नोरेन्झायान आणि सहकाऱ्यांनी ग्रिम बंधूंच्या कथांपैकी गाजलेल्या आणि विस्मरणात गेलेल्या कथा शेजारी ठेवून त्यांतल्या अशक्य गोष्टी मोजल्या. टिकलेल्या कथांत त्या साधारण दोन-तीनच निघाल्या. एकही नसेल तर गोष्ट लक्षात राहत नाही, फार झाल्या तर डोक्यात गोंधळ होतो. भोपळ्यात बसलेल्या म्हातारीकडे बघा. रान खरं, वाघ खरा, लेकीचं घर खरं, तूपरोटी खरी. भोपळा तेवढा टुणूक टुणूक चालतो. सदाकोची पावलं आणि हा भोपळा मला एकाच जातीचे वाटतात.

अशा कथा किती जुन्या? सारा ग्रासा दा सिल्व्हा आणि जमशिद तेहरानी यांनी २०१६ मध्ये भाषांच्या वंशवृक्षावर लोककथा बसवून पाहिल्या. लोहार आणि सैतान यांची कथा त्यांच्या गणिताप्रमाणे सुमारे ६००० वर्षांमागे, कांस्ययुगापर्यंत जाते. ज्या भाषाकुळाचा हा वृक्ष, त्याच कुळातली मराठी. लोकसाहित्याच्या सगळ्या अभ्यासकांना ही पद्धत मान्य नाही, पण अंधारात बसून भीतीची गोष्ट ऐकणं सिनेमाच्या कितीतरी आधीचं आहे याबद्दल मला शंका नाही.

आणि भीती किती असावी, याचंही मोजमाप झालंय. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भुताटकीच्या घरात शिरणाऱ्या लोकांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली होती. मजा सर्वांत जास्त आली ती मधल्या भीतीला. फार कमी भीती कंटाळवाणी, फार जास्त नकोशी. आलेख उलट्या वाटीसारखा. हा मधला बिंदू आईला कुठल्याही यंत्राविना सापडतो. लहानपणी आमच्यापैकी कुणी गोधडीत तोंड खुपसलं की तिचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली यायचा, गोष्ट मात्र थांबायची नाही.

त्या दिवशी भाचीने उरलेल्या टिकल्या आजीच्या खांद्यांना, कोपरांना, मनगटांना लावल्या आणि म्हणाली, "आजी, आता चांगुणा कर." मी दिवा मालवला. सहा ठिपके जरा वेळ नुसते लटकत राहिले. मग दोन्ही मनगटं एकत्र आली, वर गेली, खाली आली. मुसळ नव्हतं, उखळ नव्हतं, पण आम्हाला दोन्ही दिसत होती. वर, खाली. कोपरं जड, खांदे वाकलेले, आणि त्या वजनावर तरंगणारा आईचा कोरडा, सरळ आवाज ओवी म्हणत होता. ठिपक्यांना चेहरा नव्हता. भाचीने माझा हात घट्ट धरला.

"आजी, पुरे. लाव ना दिवा."

ठिपके थांबले नाहीत. आवाज तेवढा खाली आला.

"थांब, बाळा. अजून तिने दारात जाऊन त्याला हाक मारलेली नाही."